डावललेली बाजू

आधी मूर्खपणा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तीन महिने मी माझी सायकल दुरुस्त करून घेत होते, आणि सायकलीला काहीही झालेलं नव्हतं. बिघाड माझ्या डोक्यात होता.

भांडताना म्हणतात तसा नव्हे. खराखुरा. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ. पण ते नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच समजत होतं की माझी सायकल डावीकडे ओढते. सरळ रस्त्यावर हँडल घट्ट धरून बसले तरी थोड्या वेळानं बघावं तर मी पार कडेला, गटाराच्या झाकणांवरून खडखडत चाललेय.

पेणकरपाड्याच्या नाक्यावर इस्माईलभाईंचं सायकलचं दुकान आहे. सतरा-अठरा वर्षं माझ्या सायकली त्यांच्याच हाताखालून गेल्यात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं, रिम जराशी आउट होती ती तारा आवळून सरळ केली. आठ दिवसांनी मी परत हजर. त्यांनी फोर्क तपासला, हँडल सोडवून पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. माझी सायकल घेतली, दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत दोन्ही हात सोडून चालवत गेले, वळले आणि तसेच हात सोडून परत आले.

"देखो आंटी. एकदम सीधी."

"तो फिर मेरे को क्यूं खींचती है?"

"आपको खींचती होगी," ते म्हणाले, "मेरे को तो नहीं खींचती."

पुढे मोठमोठ्या मशिनींमधून आत-बाहेर करून जे निदान झालं, ते या माणसानं टायर बदलता बदलता सांगून टाकलं होतं. मी काय केलं? रागावले. 'इस्माईलभाईंचं आता वय झालंय, गिअरच्या सायकली त्यांना कळत नाहीत' असं अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटले. ते माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत. मग मी एका चकाचक, एसी लावलेल्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं अर्ध्या सायकलीचे भाग बदलले आणि म्हणाला, "आता बघा मॅडम, बटर." दोन दिवसांनी मी त्या बटरसकट मिठागराच्या बांधावरून खाली गेले. अर्थात डावीकडे.

हायवेवरची ती बाई

हे सगळं एवढ्या हट्टानं का केलं ते कळायला तुम्हाला माझी जुनी मैत्रीण भेटायला हवी. म्हणजे मीच, एकोणपन्नास वर्षांची.

ती बाई मीरा रोडला राहायची आणि बोरिवलीला विम्याच्या ऑफिसात जायची. एक दिवस तिच्या मनात आलं की आपण सायकलनं जायचं. हायवेवरून. कारण विचाराल तर ती म्हणायची आरोग्य, प्रदूषण, इंधनाची बचत. खरं कारण असं की ऑफिसातल्या एका साहेबांनी 'या वयात?' असं विचारलं होतं. झालं. पंजाबी ड्रेस, त्यावर ऑफिसची पर्स आडवी, आणि ही निघाली. तिला वाटायचं, अख्खा हायवे आपल्याकडे कौतुकानं बघतोय. बघत होता खरा. दहिसरच्या नाक्यावर तिची ओढणी चेनमध्ये गेली आणि ती मान खाली घालून, सायकलीला बांधल्यासारखी, दहा मिनिटं ट्रकवाल्यांच्या रांगेसमोर उभी होती. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरनं खाली उतरून ओढणी कापून दिली. ऑफिसात जाऊन तिनं काय सांगितलं? "आज वारा फार होता."

त्या बाईला एकच गोष्ट येत नव्हती. आपल्यात काही खोट आहे हे मान्य करणं. सायकल शिकली, गिअर शिकली, पंक्चर काढायला शिकली. रिटायर झाल्यावर रस्ता सोडून भाईंदरजवळच्या डोंगरीच्या लाल मातीच्या पायवाटांवर चढायला लागली, उत्तनपर्यंत जाऊन सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात चहा प्यायला लागली. हे एवढं मात्र शिकली नाही.

आता मी सदुसष्ट वर्षांची आहे. शिकतेय.

रविवार

माझी नात इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला सायकल मी शिकवली, आणि त्याबरोबर एक नियमही शिकवला. रस्त्यावर मोठं माणूस उजवीकडे, मूल डावीकडे. गाड्या अंगावर आल्या तर मोठ्याच्या येतील. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या कडेनं जो निवांत रस्ता जातो तिथे जायचो. मी उजवीकडे, ती डावीकडे. तोंडं दोघींची चालू.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी तिला काहीतरी सांगत होते आणि मागून रडणं ऐकू आलं. थांबले. वळून पाहिलं तर इरा सायकलसकट रस्त्याखाली, खडीत. दोन्ही गुडघे सोललेले, कोपरातून रक्त.

सायकल स्टँडला लावून तिच्याजवळ गेले, बाटलीतल्या पाण्यानं जखमा धुतल्या, आणि धुता धुता तिला झापलं. "दोन हात अंतर ठेवायचं सांगितलं होतं ना? लक्ष कुठे असतं तुझं?"

ती मान खाली घालून बसली.

घरी येऊन मी सुनेला म्हटलं, "पडल्याशिवाय कुणी शिकत नाही." मोठ्या ऐटीत म्हटलं. पुढच्या रविवारी इरा म्हणाली अभ्यास आहे. शाळेला सुट्टी होती. त्याच्या पुढच्या रविवारी पोटात दुखतंय म्हणाली. तिची सायकल जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच.

ताट

माझी सून स्नेहल. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं कोशिंबीर ताटात उजवीकडे वाढली होती. पाहुणे बसले होते. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्याकडे डावं-उजवं पाळतात हो." चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड डावीकडे, भाजी उजवीकडे. बिचारीनं मान डोलावली. तेव्हापासून आजतागायत तिच्या हातून एकदाही चूक झालेली नाही. मला शिक्षा म्हणून कुणी काही ठरवलं असतं तर यापेक्षा नेमकं सुचलं नसतं.

कारण त्या उन्हाळ्यात माझ्या ताटातल्या डाव्या बाजूचं मी काही खाईनाशी झाले. खात नव्हते, कारण माझ्या लेखी ते ताटात नव्हतंच. स्नेहल सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी खलबत्त्यात चटणी कुटायची. ती तशीच राहायची. पोळीचा डावा अर्धा भागही राहायचा. मी उठून हात धुवायला जायचे.

ती बोलली नाही. पण एकदा मुलाच्या खोलीवरून जाताना मी ऐकलं.

"एक शब्द नाही, रोहित. रोज कुटते, रोज तशीच टाकतात. डावलतात मला आई. सरळसरळ डावलतात."

मी दाराबाहेर उभी राहून मनात म्हटलं, काय ही आजकालची मुलगी, उगाच कांगावा. आता हसू येतं. अगदी अक्षराला अक्षर खरं बोलत होती ती. मी डावलतच होते.

जुलैतल्या एका दुपारी तिचा धीर सुटला. रोहित आत होता, इरा तिच्या खोलीत, आम्ही दोघीच जेवत होतो.

"आई, खायचं नसेल तर तसं सांगा ना. मी वाढणार नाही."

"काय खायचं नाही?"

"चटणी. कोशिंबीर. रोजचंच आहे हे."

"अगं, तू वाढलीच कुठे आज?"

तिला वाटलं मी तिची टर उडवतेय. तिनं माझं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि रागानं गर्रकन अर्धं फिरवलं. "मग हे काय आहे?"

बघते तर हिरवी चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड, अर्धी पोळी. जादूच झाली. "अय्या!" मी म्हटलं, "कधी वाढलीस?" आणि आनंदानं खायला लागले. खाता खाता सासूपणही करून घेतलं. "मीठ किंचित कमी आहे." मग भाजी घ्यायला हात पुढे केला.

"भाजी का गं उचललीस?"

भाजी जागच्या जागी होती. ताट फिरलं होतं, म्हणून भाजी आता डावीकडे गेली होती.

स्नेहलचा चेहरा मी विसरणार नाही. राग एका क्षणात उतरून तिथे काहीतरी दुसरंच आलं. ती अगदी हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रोहित, जरा बाहेर ये."

घड्याळ

डॉक्टरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मी मनात म्हटलं, एवढी फी घेऊन बालवाडीची परीक्षा. गोल काढला, बारा काढले, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुढच्या आकड्यांना जागा उरली नाही म्हणून सात ते अकरा तिथेच उजवीकडे कोंबले.

"झालं?"

"झालं. छान आलंय."

स्नेहल माझ्या शेजारी रडत होती. ती डावीकडे बसली होती, त्यामुळे मला ते रडणं कुठून येतंय तेच समजेना.

मग रोहित आणि ती एकेक सांगायला लागले. मी एकाच कानात कुडी घालून लग्नाला गेले होते. केस उजवीकडचेच विंचरायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून निळा झाला होता. मी अधूनमधून हसत होते. डॉक्टर मात्र शांतपणे लिहून घेत होते. डोळे चांगले आहेत म्हणाले. डावीकडचं दिसतंय, पण मेंदू त्या बाजूला लक्षच देत नाही. आणि ज्याच्याकडे लक्ष नाही ते हरवलंय हेसुद्धा माणसाला कळत नाही.

"व्यायाम वगैरे काही करता?"

"सायकल," मी ताठ बसून सांगितलं. "रोज."

त्यांचं पेन थांबलं. "रस्त्यावर? अजूनही?"

"रोज. आणि रविवारी तर..."

तिथे माझं वाक्य अडकलं. रविवारी उजवीकडे मी. डावीकडे...

पुढे एमआरआय झाला, गाठ दिसली, ती साधी आहे, कॅन्सरची नाही, पण काढावी लागेल असं सगळं बोलणं झालं. माणसं विचारतात, गाठ ऐकून घाबरला नाहीत? खरं सांगते, त्या दिवशी मला गाठीची भीती वाटायला सवडच झाली नाही. डोळ्यांसमोर खडीत पडलेली पोर होती आणि कानात माझाच आवाज. लक्ष कुठे असतं तुझं?

एक प्रश्न

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इराला भेटायला आणलं. मुलांना वर सोडत नव्हते, म्हणून मलाच व्हीलचेअरवरून खालच्या लॉबीत नेलं. रोहित चहा आणायला गेला. मी खुर्ची फिरवून घेतली, तिला बरोबर समोर उभं केलं.

"इरा, मे महिन्यात तू पडलीस ना, ती मी धक्का दिला म्हणून का गं?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"चाक घसरलं माझं," ती आपल्या बुटांकडे बघत म्हणाली. "खडी होती ना तिथे. मीच पडले."

नऊ वर्षांची मुलगी बुटांकडे बघून बोलली तर त्याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. पण माझी तेव्हाची अवस्था अशी की मला ते खरं मानायचं होतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "केस कापणार?" म्हटलं, "अर्धेच." ती म्हणाली, "मग अर्धीच वेणी घालायची." दोघी हसलो. तेवढ्यावर मी रात्र काढली.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला आठवत नाही, आणि डॉक्टरांनी काय केलं ते मी सांगत बसणार नाही. तुम्हाला जे उपयोगी पडेल ते सांगते.

हॉस्पिटलात दिवस घड्याळानं मोजायचा नसतो, ट्रॉल्यांनी मोजायचा. औषधांची ट्रॉली, नाश्त्याची ट्रॉली, ड्रेसिंगची ट्रॉली. माझ्या खाटेच्या डावीकडे दार होतं. म्हणजे माझ्या बाजूनं पाहिलं तर ट्रॉल्या हवेतून यायच्या. एकदा रोहित येऊन चांगली दहा मिनिटं दाराशी उभा होता आणि मी नर्सला विचारत होते, मुलगा अजून कसा आला नाही. सगळं माहीत असूनही त्याला वाटलं आई रुसली. तिसऱ्या वेळी हे झालं तेव्हा तो बाहेर जाऊन जिन्यात बसला. नंतर कळलं.

एक वयस्क नर्स होती. ती आत येताना दाराशीच टाळी वाजवायची, "आज्जी, मी डाव्या हाताला आहे हां!" मग मी मान वळवायचे आणि ती सापडायची. एवढीशी गोष्ट. पण दिवसभर हवेतून हात येऊन तुम्हाला सुई टोचत असतील, तर ही टाळी काय वाटते ते मलाच माहीत.

आणि स्नेहल. रोहित मला सोपं जावं म्हणून उजवीकडे बसायचा. ती मुद्दाम डावीकडे खुर्ची घेऊन बसायची, माझा डावा हात स्वतःच्या हातात धरून. मी विसरले की हात दाबायची. एकदा मी म्हटलं, "तुला मी फार डावललं गं."

"आई, जाऊ द्या."

"आधीचं म्हणतेय मी. गाठीच्या आधीपासून."

तिनं माझ्या हातावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "हो, ते आहे."

मला ते उत्तर आवडलं. 'छे हो आई, काहीतरीच काय' म्हणाली असती तर आम्ही तिथेच राहिलो असतो.

तुमच्या घरात कुणाचं ताट रोज एकाच बाजूनं भरलेलं राहत असेल, तर रुसायच्या आधी ते फिरवून बघा. एवढंच.

डावीकडे बघा, काकी

घरी आल्यावर फ्लोरी यायला लागली. ती उत्तनची, थेरपीचं शिकलेली, चाळिशीची. डोंगरीवरून बस पकडून यायची आणि आल्या आल्या माझ्या डाव्या हाताला बसायची.

"डावीकडे बघा, काकी."

"बघितलं."

"न्हाय. नुसते डोले फिरवले तुमी. मान फिरवा. खांद्यापरत."

तिनं वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ओळ वाचायच्या आधी ती पट्टी शोधायची, पट्टी दिसली की वाचायला सुरुवात. नाहीतर मी मधूनच वाचायचे. प्रत्येक ओळीचा शेवट मला माहीत असायचा, सुरुवात कुठलीच नाही. सोसायटीनं बोर्डावर 'उद्या दिवसभर पाणी येणार नाही ही अफवा नाही' असं लिहिलं होतं, ते मी 'ही अफवा नाही' एवढंच वाचून आले आणि घरी सगळ्यांना विचारत राहिले, कसली अफवा?

हसले मी. पण हसून भागत नव्हतं. सहा महिने झाले, बरीच सुधारणा झाली, ताट पूर्ण खायला लागले, कुड्या दोन्ही कानांत. तरी थकले की डावी बाजू परत जायची. न सांगता जायची. हेच त्यातलं वाईट. पाय मोडला की दुखतो, माणूस सावध राहतो. इथे जे गेलंय ते गेल्याचं कळतच नाही. मी सारखी विचारायला लागले, आत्ता मला सगळं दिसतंय का? आणि उत्तर देणारा मेंदूही तोच.

रोहितनं सायकल बाल्कनीत साखळीनं बांधली होती. त्याचं म्हणणं साधं होतं, "आई, आता बस. झालं तेवढं झालं." माझं म्हणणंही साधं होतं, "मग ऑपरेशन कशाला केलंत?" हे मी त्याला बोलले. तोंडावर बोलले. तो जेवता जेवता उठून गेला.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी किल्ली शोधून काढली. पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. बाईच्या घरात बाईपासून लपवायला पिठाचा डबा. सायकल सोडवली, लिफ्टनं खाली आणली. नुसतं कंपाउंडमध्ये एक चक्कर मारणार होते. बसले, दोन पेडल मारली, आणि वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन आदळले. खुर्ची डावीकडे होती. वॉचमन नशिबानं उभा होता. त्याच्या हातातला चहा माझ्या अंगावर.

"आजी, मैं तो सामने ही खडा था!"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. चहासाठी नाही. तिथे खुर्चीच्या जागी एखादं पोर असतं तर, म्हणून.

संध्याकाळी स्नेहल आल्यावर किल्ली तिच्या हातात दिली आणि काय केलं ते सांगितलं. तिनं किल्ली पर्समध्ये टाकली. रोहितला मात्र सांगितलं नाही. माझ्यासमोर तरी नाही.

मैदान

आठ महिने झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रस्ता नाही. पण मोकळं मैदान, हेल्मेट, हळू, आणि कुणीतरी सोबत, असं असेल तर चालेल. फ्लोरीनं दोन महिने तयारी करून घेतली. आधी पायी चालत, मग सायकल हातात धरून, मग बसून. पाच पेडल मारली की एकदा मान डावीकडे, खांद्यापर्यंत. मोठ्यानं म्हणायचं, "डावी." पाच पेडल, "डावी." लोक बघायचे. बघू देत. हायवेवरच्या त्या बाईला लोक बघतील याची केवढी हौस होती.

आमच्या सोसायटीमागे एक मैदान आहे, सकाळी रिकामं असतं. तिथे मला बऱ्यापैकी जमायला लागलं. पण एक गोष्ट राहिलीच होती. इराची सायकल जिन्याखाली, टायरमधली हवा गेलेली. तिनं पुन्हा चालवावी एवढंच मला हवं होतं. माझं पुढे काय व्हायचं ते होवो, पण माझ्यामुळे तिची सायकल सुटली हे घेऊन मला राहायचं नव्हतं. तिला म्हणायची सोय नव्हती, कारण ती म्हणत होती ती स्वतःच पडली.

मी इस्माईलभाईंकडे तिची सायकल नेली, तेल घातलं, हवा भरली, सीट वर घेतली. पोर वाढली होती. एक रविवार गेला, दोन गेले. तिसऱ्या रविवारी ती आपणहून खाली आली, हेल्मेट घालून. बरोबर स्नेहल.

"मी कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

"उजवीकडे ये. तिकडे मला नीट दिसतेस."

"पण मग तुला प्रॅक्टिस कशी होणार?" म्हणाली आणि डावीकडे जाऊन उभी राहिली.

मला नको म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायला हवं होतं.

पहिली फेरी उत्तम. पाच पेडल, "डावी," आणि डावीकडे इरा. पाच पेडल, "डावी," इरा. दुसरी फेरी तशीच. तिच्या पायांना सगळं आठवत होतं, वळणावर ती आतल्या बाजूला छान झुकत होती. कडेला झाडाखाली स्नेहल उभी होती, फोन खिशात, दोन्ही हात मोकळे. तिसऱ्या फेरीत इरा म्हणाली, "आजी, ते ओढणीचं सांग ना." आणि मी सांगायला लागले. दहिसरचा नाका, ट्रकवाले, मान खाली. मी स्वतःच हसत होते. ऐन रंगात आले होते.

कर्रकन ब्रेकचा आवाज आला. मी थोडं पुढे जाऊन थांबले. पाय टेकवले, मान वळवली, खांद्यापर्यंत. इरा मागे, मैदानाच्या कुंपणाला अगदी चिकटून, एक पाय जमिनीवर टेकून उभी होती. पडली नव्हती. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"काय गं, चेन उतरली का?" मी विचारलं.

तिनं आधी आईकडे पाहिलं. स्नेहल झाडाखालून निघाली होती. मग माझ्याकडे सरळ बघत, बुटांकडे नाही, इरा म्हणाली, "आजी, तू परत माझ्या अंगावर आलीस. मागच्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही, कारण मग तुझी सायकल काढून घेतली असती. या वेळी सांगणार आहे."